कडेवर थोडे पाणी

दादांना पहिली श्रद्धांजली आली तेव्हा मी त्यांना मऊ भात भरवत होते. भात त्यांच्या तोंडात होता, मेतकूट मिशीला लागलं होतं, आणि माझ्या फोनवर ओळ उमटली : ‘भावपूर्ण श्रद्धांजली. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.’ पाठवणाऱ्या फलटणच्या सौ. सुमतीताई रणपिसे.

“आलं का काही?” दादांनी घास गिळत विचारलं.

“नाही. कंपनीचा मेसेज आहे.”

“कंपन्या बऱ्या. रोज आठवण काढतात.”

मी दुसरा घास पुढे केला. 

आधी हे सांगायला हवं की दादा म्हणजे माझे वडील, वामनराव मोहोळकर. बार्शीच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर इतर म्हातारे भाजी निवडतात, नातवंडं सांभाळतात. दादांनी लोकांच्या कविता निवडायला घेतल्या. ‘ओळीत ओळ काव्यपरिवार’ नावाचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक समूह होता, त्यात ते सकाळ-संध्याकाळ पडीक असत. मलाही त्यांनीच त्या समूहात घातलं होतं. “नुसती वाच, लिहू नकोस,” असं वर बजावूनही ठेवलं होतं. मी वाचतही नव्हते. तो समूह मी आवाज बंद करून फोनच्या तळाशी टाकून दिला होता.

त्या परिवाराची रीत अशी, की सकाळी समूहप्रमुख टेंभे सर विषय देणार आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी त्यावर कविता पाडायची. आपली कविता टाकण्याआधी मात्र दुसऱ्यांच्या कवितांना अभिप्राय द्यायचा. न देणाऱ्याकडे कोणी ढुंकून बघत नसे. त्यामुळे सगळे अभिप्रायांचा सडा घालत. ‘व्वा’, ‘अप्रतिम’, ‘काळजाला भिडली’, ‘लेखणीला सलाम’. यासाठी कविता वाचायची गरज नसते, आधीच्या माणसानं काय लिहिलंय तेवढं बघायचं. आधीच्यानं ‘अप्रतिम’ म्हटलं की आपण ‘निव्वळ अप्रतिम’ म्हणायचं. आणि सगळ्यांच्या आधी नेहमी सुमतीताई. त्यांचा अंगठा डोळ्यांपेक्षा चपळ होता.

दादा मात्र वाचत. हीच सगळी गोची होती. ते चष्मा लावून, पेन्सिलीनं टिपण काढून वाचत आणि मग मास्तरी अभिप्राय देत. आजारी पडायच्या आधी त्यांनी सुमतीताईंच्या ‘माहेर’ या कवितेवर लिहिलं होतं : ‘ही कविता नाही. ही बाजाराची पिशवी आहे. वाटेत जे दिसलं ते आत टाकलंय.’

झालं. त्या दिवसापासून परिवारानं दादांना वाळीत टाकलं. उघडपणे कोणी काही म्हणालं नाही. नमस्कार चालू होते, सणाच्या शुभेच्छा चालू होत्या. फक्त दादांच्या कवितेखाली अक्षर येईना. त्यांची कविता यायची, खाली शांतता, आणि लगेच पुढच्याच्या कवितेवर टाळ्यांचा कडकडाट. ज्यानं कोणी हे ठरवलं त्याला माणसाला कुठे मारायचं हे बरोबर माहीत होतं.

त्याच दिवसांत दादांच्या यकृताचं निदान झालं. सोलापूरच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, घरी न्या, आवडीचं खाऊ घाला. मी रजा टाकून बार्शीला आले. आई कधीच गेली होती. घरात आम्ही दोघं आणि दादांचा फोन. तो उशाशी ठेवून ते पडलेले असत. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी त्यांनी समूहावर एक कविता टाकली होती, चार ओळींची. तिच्याखाली अजून काही आलं नव्हतं.

“आलं का काही?” हा प्रश्न मला दिवसभर ऐकावा लागे. औषधाच्या वेळा ते विसरत, हा प्रश्न विसरत नसत.

“एवढं काय अडलंय तुमचं त्यांच्या अभिप्रायावाचून?” मी एकदा वैतागून विचारलं होतं.

“त्या कवितेत एक ओळ ढिली आहे,” ते म्हणाले होते. “मला माहितीये कुठली. दुसरी कुठली सुचेना म्हणून तशीच ठेवली. आता एखाद्यानं तरी ती धरावी. ‘मोहोळकर, तुमची अमुक ओळ ढिली आहे’ एवढं एकानं म्हटलं, की समजेन, वाचली. मग मी मरायला मोकळा.”

आयुष्यभर त्यांनी लोकांच्या चुका काढल्या आणि शेवटी त्यांना हवं होतं काय, तर कोणी तरी आपली चूक काढावी. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. वाईट जरा कमीच वाटलं, त्याचं कारण पुढे येईल.

तर त्या दिवशी सकाळी मला कोण जाणे काय वाटलं, मी समूहाचा आवाज चालू केला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यावर लिहिलं. साधं, शाळेतल्या मुलाला कळेल असं लिहिलं होतं : ‘मी मोहोळकर सरांची मुलगी. सर फार आजारी आहेत. डॉक्टरांनी आशा सोडली आहे, पण ते शुद्धीवर आहेत, बोलतात, ऐकतात. त्यांची शेवटची कविता वर आहे. कृपा करून तिच्यावर दोन शब्द लिहा. मी त्यांना वाचून दाखवीन.’

त्यावर सुमतीताईंचा अंगठा पडला, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. आणि त्यांनी एकदा लिहिल्यावर माझा मजकूर वाचायचं कोणाला कारणच उरलं नाही. वरचं कोणी वाचलं नाही, सगळ्यांनी सुमतीताईंना वाचलं. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, ‘अरेरे, मन सुन्न झाले’, ‘काव्यसृष्टीचा आधारवड कोसळला’. फोन माझ्या मांडीवर थडथड उडत होता.

भाताची वाटी खाली ठेवून मी एका हातानं टाइप केलं, ‘अहो, दादा आहेत! ते जिवंत आहेत!’ माझ्या या वाक्याखाली इंदापूरच्या कोणा गृहस्थांनी लिहिलं, ‘खरे आहे ताई. कवी कधीच मरत नसतो.’

मी स्वयंपाकघरात जाऊन टेंभे सरांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही, कारण ते कामात होते. थोड्या वेळानं समूहावर त्यांचं काम आलंच. दादांचा फोटो, कुठल्या तरी स्नेहमेळाव्यात जिलेबी खाताना काढलेला, त्यातली जिलेबी कापून टाकलेली. फोटोला फोनमधलाच हार. खाली लिहिलं होतं : ‘आजचा श्रावणसरी हा विषय रद्द. आजचा विषय : मोहोळकर सर, एक दीपस्तंभ. सर्वोत्कृष्ट काव्यांजलीस नेहमीप्रमाणे सन्मानपत्र.’

हीदेखील परिवाराची रीत. सभासद गेला की त्या दिवसाचा विषय तो सभासद. त्याच्यावर कविता करायच्या, त्यातून नंबर काढायचे, संध्याकाळची वाट न बघता सोनेरी किनारीचं सन्मानपत्र फोनवर पाठवायचं. दादांनी स्वतः अशा कितीतरी स्पर्धांत भाग घेतला होता आणि कधी नंबर आला नव्हता, कारण मेलेल्याबद्दलही ते खरंच लिहीत.

“वृंदे!” बाहेरून हाक आली. “फोन कशाला एवढा नाचतोय? आणि माझा कुठंय?”

त्यांचा फोन मी मघाशीच उशाखालून काढून फडताळात ठेवला होता. “चार्जिंगला लावलाय,” मी म्हणाले.

“लाइट नाहीये सकाळपासून.”

मास्तरांशी खोटं बोलायचं तर तयारी लागते.  ते माझ्याकडे बघत राहिले, वर्गात बघायचे तसे.

“कोण मेलं?” त्यांनी विचारलं.

“कोणी नाही.”

“मग एवढे संदेश कशाचे? एवढे माणूस मेल्यावरच येतात. कोण आहे? तो पंढरपूरचा का? त्याला दम लागायचा बोलताना.”

“दादा, झोपा तुम्ही.”

“आण इकडे.”

मी आणून दिला. काय करणार? त्यांनी चष्मा मागितला, तोही दिला. ते वाचू लागले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होते. मला वाटलं आता छातीत कळ येईल, आणि सुमतीताईंचं खरं होईल.

त्यांनी फोटो बघितला. “जिलेबी कुठं गेली?” ते म्हणाले.

मग ते हसायला लागले. हसता हसता खोकला आला, मी पाठीवरून हात फिरवला, तरी हसणं थांबेना. पिवळे पडलेले डोळे पाण्यानं भरले. “वाच,” ते म्हणाले, “मला दिसेना. मोठ्यानं वाच सगळ्या.”

“कशाला, दादा?”

“वाच म्हणतो ना! एवढी गर्दी माझ्या दारात पहिल्यांदा झालीये.”

मी वाचत गेले. पहिली होती : ‘सर गेले निघून आज, काव्याचा हरपला साज.’

“साज? मी काय बुगडी होतो का? पुढची.”

दुसऱ्या एकानं त्यांना चंदन म्हटलं होतं, तिसऱ्यानं वड, चौथ्यानं कोजागिरीचा चंद्र. दादा प्रत्येकाची अक्षरं मोजायला बोटं उघडमीट करत होते. सुमतीताईंची काव्यांजली लांबलचक होती. ‘प्रेमळ तुमचा स्वभाव, मायेचा अखंड वर्षाव’ अशी सुरू होत होती.

“वर्षाव!” दादा उशीवर जरा वर सरकले. “बाईच्या कवितेला मी पिशवी म्हणालो. महिनाभर तिनं माझ्या कवितेखाली अक्षर टाकलं नाही. आता वर्षाव?”

“मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलतात.”

“मग जिवंतपणी मारायचं कशाला?”

सगळ्या वाचून व्हायला बराच वेळ गेला. ते आता हसत नव्हते. एकेकीला मान हलवत होते आणि पुढची मागत होते. शेवटची संपली तेव्हा त्यांनी विचारलं, “झाल्या?”

“झाल्या.”

“यात माझी ओळ कुठं आहे?”

“म्हणजे?”

“इतकी वर्षं त्यांच्यात लिहिलं. कवी मेला की त्याची एखादी ओळ म्हणतात, वृंदे. भिकारातला भिकार कवी असला तरी. ‘ते म्हणायचे ना, अमुक अमुक’ असं म्हणतात. एकानं तरी माझी ओळ घेतली का? नीट बघ.”

मी पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितलं. दीपस्तंभ होते, वटवृक्ष होते, ओघळणारे अश्रू तर किती. दादांची ओळ नव्हती.

“नाही,” मी म्हणाले.

ते पंख्याकडे बघत पडून राहिले. फोटोतली जिलेबी कापल्यावर हसणारा माणूस या एका गोष्टीनं पार चेपला गेला. मला त्या सगळ्यांचा असा संताप आला की एकेकाला घरी बोलावून या पलंगासमोर उभं करावं. पण त्यांनी स्वतःच तोंड उघडलं.

“लिही,” ते म्हणाले. “माझ्या फोनवरनं लिही. ‘माझ्या मरणावरच्या रचना वाचल्या. अभिप्राय पुढीलप्रमाणे.’”

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. आवाज खोल गेला होता, पण वाक्यं ठणठणीत. चंदनवाल्याला म्हणाले, चंदन झिजतं, मी झिजलो नाही, मला यकृताचा आजार आहे, खात्री करून लिहावं. चंद्रवाल्याला म्हणाले, दुसऱ्या ओळीत एक अक्षर जास्त आहे, ते माझ्यासोबत चितेवर ठेवावं. सुमतीताईंना म्हणाले, पिशवी तीच, फक्त या खेपेला बाजार दुसरा. एकालाही सोडलं नाही. मी टाइप करत होते आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या गालावर रंग आला होता. शेवटी त्यांनी नाव सांगितलं : “वामन मोहोळकर. स्वल्पविराम. हयात.”

मी पाठवून दिलं.

 मग तासगावच्या एका बाईंनी लिहिलं, ‘सर, आपण जिथे असाल तिथून असेच आशीर्वाद देत राहा.’ त्यानंतर माझा फोन वाजला. टेंभे सर.

“ताई, हे काही बरं नाही केलंत,” त्यांचा आवाज पाकात घोळल्यासारखा असे, आज पाक जरा करपला होता.

“काय बरं नाही केलं? मेले नाहीत हे?”

“तसं नव्हे हो. सरांना उदंड आयुष्य मिळो. पण लोकांच्या भावना असतात. लोक रडलेत, ताई. खरोखर रडलेत. रणपिसे ताईंनी सकाळचा चहा घेतलेला नाही. त्यांच्या अश्रूंची अशी टिंगल?”

“मी आधीच लिहिलं होतं ना, की ते आजारी आहेत म्हणून? स्पष्ट लिहिलं होतं.”

“एवढं सगळं कोण वाचतं, ताई?” ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात काही लबाडी नव्हती. त्यांना खरोखर प्रश्न पडला होता. “आणि मी निकाल जाहीर केलाय. सन्मानपत्रं गेलीत. रणपिसे ताईंना सर्वोत्कृष्ट दिलंय. आता ते परत कसं मागायचं?”

“ठेवू देत त्यांना. सर, एक करा. त्यांची कविता आहे वर, चार ओळींची. ती वाचा आणि त्यावर खरं काय वाटलं ते लिहा. वाईट लिहिलंत तरी चालेल. त्यांना तेवढंच हवंय.”

“बघतो,” टेंभे सर म्हणाले.

त्यांनी बघितलं ते असं, की फोन ठेवल्यावर लगेच समूहावर सूचना आली, टेंभे सरांनी दादांना काढून टाकलं. खाली त्यांनी लिहिलं, ‘परिवाराच्या भावनिक आरोग्यासाठी.’ त्याखाली सुमतीताईंनी जोडलेले हात टाकले. मग सगळ्यांनी टाकले. मला काढायचं त्यांच्या लक्षात आलं नाही, मी कधी त्यांच्या हिशेबातच नव्हते.

दादांनी ती सूचना स्वतःच्या फोनवर वाचली. “एका दिवसात दोनदा गेलो,” ते म्हणाले आणि फोन माझ्याकडे दिला. नंतर त्यांनी तो कधी मागितला नाही. ‘आलं का काही’ हा प्रश्नही संपला.

दुपारी मी त्यांचं अंग पुसत होते. बाहेर उन्हात कोणी तरी कल्हईवाला ओरडत गेला. दादा म्हणाले, “तू तरी वाच.”

“काय?”

“ती कविता. तू आहेस ना अजून समूहात? तुझ्या फोनमध्ये असेल.”

मी दादांची कविता नववीपासून वाचली नव्हती. मघाशी म्हणाले ते कारण हेच. त्यांच्याच शाळेत, त्यांच्याच वर्गात मी होते. त्या वर्षी गावात पाण्याची बोंब होती, टँकर यायचा, आम्ही मुली कळश्या भरून आणायचो. मी त्यावर कविता केली आणि घरी दाखवायची लाज वाटली म्हणून निबंधाच्या गठ्ठ्यात ठेवून दिली. त्यांनी ती वर्गात वाचली. नाव न घेता वाचली, पण माझ्याकडे बघून. तिच्यात एक ओळ होती, ‘कडेवर थोडे पाणी’. तिथे थांबले. “का रे मुलांनो, पाणी कडेवर घेतात का? पाणी काय शेंबडं पोर आहे?” वर्ग बाकांवर हात आपटून हसला. त्यांनी हसू दिलं. पोटभर हसू दिलं. मॅट्रिक होईपर्यंत शाळेत माझं नाव ‘कडेवर’ होतं. मुलं मागून ओरडायची, ए कडेवर, थोडं पाणी दे. मी परत ओळ लिहिली नाही.

हात पुसून मी फोन घेतला, समूहात मागे मागे गेले. श्रद्धांजल्या ओलांडल्या, हार ओलांडला. तिथे एकटी पडलेली ती सापडली.

जाता जाता लावू नका
आज माझे दार कोणी
येत असेल ती मागे
कडेवर थोडे पाणी

मी दोनदा वाचली. कानशिलं तापली.

“ही ओळ माझी आहे,” मी म्हणाले.

“कुठली?”

“माहिती आहे तुम्हाला.”

 ते म्हणाले, “हं. तुझीच आहे.”

“वर्गात काय म्हणाला होतात?”

“तेव्हा वाईट होती,” दादा म्हणाले. “तुझ्या त्या बाकीच्या ओळींत ती वाया गेली होती. आता बघ, माझ्या कवितेत कशी बसली.”

असे होते दादा. मरणाच्या दारात उभे, मुलीकडून अंग पुसून घेताना, आणि बोलणं हे. मला त्यांना उचलून खाली ठेवावंसं वाटलं.

“विचारलंत का मला?”

“कोणाला विचारायचं? नववीतल्या पोरीला?” मग आवाज जरा उतरला. “ते राहू दे. ढिली ओळ कुठली ते सांग. तुला कळेल. तुला कान होता.”

पस्तीस वर्षांनी सांगत होते, कान होता.

ढिली ओळ कुठली ते मला कळलं होतं. पहिल्याच वाचनात कळलं होतं, आणि ती का ढिली राहिली, दुसरी त्यांना का सुचली नाही, तेही कळलं होतं. जिभेच्या टोकावर होतं. पण माझा राग चांगला मुरलेला होता, जुन्या लोणच्यासारखा, आणि बरणी त्यांनीच उघडली होती.

“मला कवितेतलं कळत नाही, दादा,” मी म्हणाले. “सगळ्या वर्गासमोर ठरलंय ते.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मान भिंतीकडे वळवली.

“पाणी दे थोडं,” ते म्हणाले.

मी पाणी दिलं. त्यांची मान हातावर घेऊन चमच्यानं पाजलं. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

पुढच्या दिवसांत ते एक-दोनदा नुसतं “सांगतेस?” एवढंच म्हणाले, आणि मी “झोपा” म्हणाले. मग शब्द गेले, मग शुद्ध गेली. पुढच्या आठवड्यात एका सकाळी, मी तोंड धुवायला तांब्या भरून आणला तोवर ते गेले होते. दार उघडंच होतं. दूधवाला पिशवी ठेवून गेला होता.

सगळं आटोपल्यावर, माणसं पांगल्यावर मला वाटलं, कळवायला हवं. मी टेंभे सरांना एकट्यांना लिहिलं : ‘दादा काल सकाळी गेले. या वेळी खरंच.’

उत्तर लगेच आलं. ‘अत्यंत दुःखद. ताई, आपल्या भावना समजू शकतो. परंतु सरांसाठी काव्यांजली आधीच झालेली आहे. नियमानुसार ती एका सदस्यासाठी एकदाच होते. शिवाय निधनसमयी ते परिवाराचे सदस्य नव्हते. क्षमस्व.’

मी काव्यांजली मागितली नव्हती. मी फक्त कळवलं होतं. मी तो फोन हातात धरून दादांच्या रिकाम्या पलंगावर बसले. गादी गुंडाळून ठेवली होती, लोखंडी पट्ट्या मांडीला टोचत होत्या. मी समूह उघडला. त्या दिवशीचा विषय होता ‘मोरपीस’. टाळ्या चालू होत्या. मी पुन्हा मागे मागे गेले आणि ती चार ओळींची कविता काढली. तिच्याखाली अजूनही काही नव्हतं. मग मी तिच्यावर बोट ठेवून अभिप्राय लिहिला. दादा लिहायचे तसा, रोखठोक :

‘तिसरी ओळ ढिली आहे. “असेल” कशाला? ती आली होती.’

पाठवला. रडू आलं ते तेव्हा, स्मशानात आलं नव्हतं. पदर तोंडाला लावून मी भडाभडा रडले. सांगितलं, दादा. घ्या, सांगितलं.

फोन थडथडला. सुमतीताई रणपिसे होत्या. ‘अगदी खरंय ताई, ओळ ढिलीच आहे.’

त्यामागून इंदापूर : ‘सहमत. फारच ढिली.’

तासगाव : ‘सरांकडून ही अपेक्षा नव्हती.’

चंदनवाले आले, वडवाले आले, कोजागिरीवाले आले. कोणी लिहिलं, ‘दुसऱ्यांच्या चुका काढणे सोपे असते.’ कोणी लिहिलं, ‘पूर्ण रचनाच सैल वाटली.’ मोरपीस मागे पडलं. दादांच्या कवितेखाली गर्दी लोटली, ज्यांनी कधी अक्षर टाकलं नव्हतं ते सगळे आले. आणि सगळ्यांत शेवटी टेंभे सर. त्यांनी मात्र खरोखर वाचली असावी, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. त्यांनी लिहिलं :

‘आणि चौथी ओळ? पाणी काय कडेवर घ्यायची गोष्ट आहे का?’

त्याखाली सुमतीताईंनी हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा टाकला. मग सगळ्यांनी टाकला. मी बघत बसले. दादांच्या कुठल्याही कवितेला एवढे अभिप्राय कधी आले नव्हते.